लाइट आली की आपोआप

निवृत्तीनंतर बाबांचे कान हळूहळू गेले. भातसानगरला धरणाच्या कचेरीत ते मराठी टंकलेखक होते. नोकरी संपल्यावर आईला घेऊन शहापुरात राहायला आले. मी पुण्यात संगणकाचं काम करायचे. फोन आईच उचलायची. मी विचारलेलं ती बाबांच्या कानाशी ओरडायची आणि त्यांचं उत्तर मला सांगायची. "बरं हाय म्हणतात. जेवलीस का विचारतात." पुढेपुढे तेही जमेना. "त्यांना काय ऐकू येत नाय गो," एवढं म्हणून ती फोन ठेवायची.

शहापुरात इंटरनेट आलं तेव्हा मी माझा जुना संगणक घरी नेला. त्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली होती. बाबांच्या संगणकाचा पडदा मला पुण्यात दिसेल आणि दोघांना एकाच पानावर लिहिता येईल, असा एक प्रोग्राम त्यात घातला. पुण्याला परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी कोऱ्या पानावर माझ्यासमोर अक्षरं उमटू लागली : 'पोरी, किती दिवसांनी बोलतोय आपण.' मी लिहिलं, 'जेवलात का?'

पण लाइट सारखी जायची. ती आली की संगणक सुरू व्हायचा, प्रोग्राम मात्र आज्ञा लिहून पुन्हा चालू करावा लागायचा. बाबा ती विसरायचे. मग मी फोनवर आईला एकेक अक्षर, एकेक आकडा सांगायचे, इंग्रजी 'x'ला फुली म्हणायचे, आणि ती तिकडे ओरडायची, "फुली! अहो, फुली म्हणते ती! आता एक. अजून एक!" बाबा भलतंच काहीतरी दाबायचे. आई रडकुंडीला यायची.

पुढच्या सुट्टीत मी घरी गेले ती हेच काम घेऊन. संगणकाने पासवर्ड न विचारता पडदा उघडावा आणि त्यामागोमाग प्रोग्राम आपणहून सुरू व्हावा, एवढंच करायचं होतं. पहिल्यांदा फसलं. पडदा तयार व्हायच्या आधीच प्रोग्राम जागा झाला, त्याला काही दिसलं नाही आणि तो बंद पडला. मग त्याला जरा थांबायला लावलं, बंद पडलास तर पुन्हा ऊठ असंही सांगून ठेवलं. प्लग काढला, घातला. चाललं.

बाबा शेजारी बसून बघत होते. "म्हणजे तू केव्हाही आत येणार?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "विचारून येत जा. मी काही लिहीत असेन."

बरोबरच होतं. मी आणखी एक खिडकी जोडली. मी आले की तिच्यावर दिसायचं, 'मुलगी आली आहे. आत घेऊ?' बाबांनी 'हो' दाबलं, तरच मला पडदा दिसायचा. बाबा खूश झाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी आमचं बोलणं व्हायचं. एकदा 'हो' आलं, पण पानावर बराच वेळ काहीच उमटेना. मग फार सावकाश, एकेक अक्षर आलं : 'ते झोपलेत. मी हाय.'

आई कधी संगणकाला हात लावेल असं मला वाटलं नव्हतं. मी लिहिलं, 'बोल ना, आई.'

पुन्हा तेवढाच वेळ गेला. 'म्हशाच्या जत्रेला जायचं हाय. भैन बोलावते. यांना एकटं कसं ठेवू.'

तिचं माहेर मुरबाडकडचं, म्हसा गावात गुरांची मोठी जत्रा भरते त्या बाजूचं. इतकी वर्षं फोनवर ती बाबांचं मला आणि माझं बाबांना सांगत आली. तिला स्वतःला काय हवंय, हे मला कधी कळलंच नव्हतं. मी लिहिलं, 'मी येते. तू जा.'

जत्रेच्या दिवसांत मी बाबांजवळ राहिले. आई मावशीबरोबर गेली, दोन रात्री माहेरी राहिली आणि एक घोंगडी खांद्यावर टाकून परतली. ती दमून आली होती म्हणून मीच वाढलं. जेवताना ती बोलतच होती : पाळण्यात बसलो, बैल काय देखणे होते, मावशी कशी घाबरली. बाबांना त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. घास हातात धरून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि ती हसली की हसत होते.