लोसाला न दिलेलं पत्र

तुवालूबद्दल मी आजवर निदान पन्नास वेळा बोलले असेन. मॉन्ट्रियलशेजारच्या लव्हालमध्ये, आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये, मंडळाच्या गणपतीत, ऑफिसच्या लंचरूममध्ये, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असताना. आणि पन्नासही वेळा एक गोष्ट गाळली. ती माझ्या नवऱ्याला, अविनाशला, माहीत नाही. लेकीला माहीत नाही. नागपूरच्या बहिणीला मी सगळं सांगते — म्हणजे जे सांगण्यासारखं असतं ते सगळं. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्हालाच का? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

पण आधी ते बेट तरी कसं आहे ते सांगते. पाहिलंत? लागले टाळायला.

अविनाशला देश मोजायचं वेड आहे. ज्या देशात सगळ्यांत कमी प्रवासी जातात असा देश शोधताना त्याला पॅसिफिकमधलं तुवालू सापडलं. मॉन्ट्रियलहून फिजीला पोचेपर्यंत हाडं खिळखिळी झाली, आणि तिथून पुढे आठवड्यातून मोजकीच विमानं. बेट इतकं अरुंद की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आतलं शांत पाणी आणि मध्ये धावपट्टी. विमान यायचं झालं की भोंगा वाजतो आणि लोक बाजूला होतात. संध्याकाळी त्याच धावपट्टीवर मुलं व्हॉलीबॉल खेळतात, बायका चटया टाकून गप्पा मारतात. हे ऐकून आमचे पाहुणे नेहमी हसतात. मी इथे थोडं थांबते, म्हणजे त्यांना पोटभर हसता येतं.

आम्ही उतरलो होतो ते गेस्टहाउस लोसाच्या आईचं होतं. वडील नव्हते. लोसा तेव्हा एकवीस वर्षांची, तिथल्या हॉस्पिटलात मदतनीस होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या आईने मला त्यांचे पुलाकाचे खड्डे दाखवले. पुलाका म्हणजे अळूचाच भाऊबंद, पण पानं माणसाएवढी. मी आपली अळूवड्यांच्या गोष्टी सांगत सुटले. त्या माउलीने सगळं ऐकून घेतलं, मग खड्ड्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि मला चाखायला सांगितलं. खारट होतं. जमिनीखालून समुद्र आत येतो आणि कंद कुजतात. मोठ्या भरतीला घरामागच्या मातीतून पाणी बुडबुडत वर येतं तेही लोसाने मला दाखवलं. आपण पाहुण्यांना घरातली गळती दाखवतो ना, तशी — हसत, थोडी ओशाळून.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही सगळे धावपट्टीवर चटई टाकून बसलो होतो. त्यांनी माझ्या डोक्यावर फुलांचा गजरा ठेवला होता. आणि मी म्हटलं — आता काय सांगू, आपण नाही का म्हणत, कोणाच्याही दारातून निघताना, चपला घालता घालता? "या ना आमच्याकडे. आमच्याकडेच उतरायचं हं, दुसरीकडे कुठे नाही." नागपुरात हे ऐकून कोणी बॅग भरत नाही. बोलणाऱ्यालाही माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही. मी तेच इंग्रजीत म्हटलं. वर म्हटलं, लोसाला शिकायला पाठवा, माझी लेक टोरांटोला गेली आहे, तिची खोली रिकामीच आहे.

लोसाची आई माझ्याकडे वळली. मग तिने विचारलं, "हा तुमचा शब्द आहे?" मी म्हटलं, हो तर! ती उठून उभी राहिली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना केली. मला त्यातलं फक्त माझं नाव कळलं. तेव्हाच जीभ चावायला हवी होती. पण खरं सांगू? मला फार छान वाटत होतं.

चार महिन्यांनी लोसाचा मेसेज आला. मॉन्ट्रियलच्या एका इंग्रजी कॉलेजात तिला नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. स्वतः शोधून, स्वतः फॉर्म भरून. व्हिसाच्या कागदांसोबत माझं एक पत्र हवं होतं — ही मुलगी आमच्या घरी राहील, आम्ही तिची जबाबदारी घेतो. एक पान आणि खाली सही.

आता हे ऐका. मी स्वतः या देशात अशाच एका पत्रावर आले. कुंदाताई नावाच्या बाईंनी दिलेलं. त्या माझ्या मावशीच्या मैत्रिणीची नणंद, म्हणजे कोणीच नाही. विमानतळावर त्या माझ्यासाठी जादा कोट घेऊन उभ्या होत्या. सात महिने त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिले, त्यांनी मला बस कशी पकडायची इथपासून फावड्याने दारातला स्नो शोव्हल कसा करायचा इथपर्यंत सगळं शिकवलं. त्या पानाची किंमत मला माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही.

मी पत्र टाइप केलं. प्रिंट काढलं. सही केली नाही. स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, विंटर टायरच्या अपॉइंटमेंटच्या कागदाखाली ते ठेवून दिलं. का? मला घरात कोणी नको होतं. एवढंच. लेक गेल्यावर घर कसं शांत झालं होतं. संध्याकाळी येऊन मी चहा घेऊन खिडकीत बसायचे, कोणाशी बोलावं लागत नव्हतं. त्या खिडकीत मला लोसा नको होती. तिचे ओले बूट दारात नको होते, फ्रेंच बोलणाऱ्या या गावात तिचं फ्रेंचवाचून अडणं नको होतं, तिच्या आईची प्रार्थना तर मुळीच नको होती. एकदा फोनवर मी लेकीपाशी कुरकुरले की ती मुलगी सारखी विचारते. लेक म्हणाली, "आई, जस्ट टेल हर नो. इट्स नॉट दॅट हार्ड." खरंच नव्हतं. पण नाही म्हटलं की मी कोण ठरले असते? मी लोसाला लिहिलं, बघते हं, चालू आहे.

आणि आता ते, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरते आहे.

न्यूझीलंड दरवर्षी तुवालूच्या काही लोकांना चिठ्ठी काढून कायमचं राहायला घेतं. त्या वर्षी लोसाचं नाव निघालं. ऑकलंडला तिची मावशी होती, तिने वृद्धाश्रमात नोकरीही बघून ठेवली होती. ठरलेल्या मुदतीत होकार कळवायचा होता. लोसाने मला विचारलं. अगदी साधं विचारलं, "तुमचं पत्र नक्की येणार असेल तर मी मावशीला नाही म्हणते. तिथे नोकरीच करावी लागेल, मला नर्सिंग शिकता येणार नाही. तुम्ही सांगाल तसं करते."

मी ऑफिसात होते, समोर डबा उघडा होता, भेंडीची भाजी होती. पत्र ड्रॉवरमध्ये होतं आणि मी ते देणार नाही हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. मी लिहिलं, "नक्की. प्रोसेसमध्ये आहे." आणि डबा संपवला.

तिने मावशीला नाही म्हटलं.

मुदत उलटून गेल्यावर, तीन आठवडे थांबून, मी तिला कळवलं की कॅनडाच्या सरकारी ऑफिसने आमची हमी नाकारली, रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसांना ते असं पत्र देऊ देत नाहीत. साफ खोटं. मी कुठलाच कागद कुठेच पाठवला नव्हता. तिला ते तपासता येणार नाही हे मी हिशेबात धरलं होतं. ड्रॉवरमधलं पान फाडून रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात टाकलं.

तिचं उत्तर त्याच दिवशी आलं. त्यात रडणं नव्हतं, बोल लावणं नव्हतं. आमच्यामुळे तुम्हाला सरकारचा नकार ऐकावा लागला, याचं आईला फार वाईट वाटतं, असं तिने लिहिलं होतं. रविवारी चर्चमध्ये त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली होती. माझ्यासाठी!

अविनाशला मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू ट्राय तरी केलंस ना? त्यांनी रिजेक्ट केलं तर तू काय करणार?" माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला. तेव्हापासून पाहुण्यांना तुवालूची गोष्ट सांगताना शेवटी तोच लोसाचा विषय काढतो, आणि लोक सरकारला चार शिव्या घालतात, आणि कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, तुमचं मन मोठं हो. मी मान खाली घालते. त्यांना तो विनय वाटतो.

मोठ्या भरतीच्या दिवसांत लोसा कधीकधी व्हिडिओ पाठवते. त्यात अंगण असतं, पाणी असतं, पाण्यात उभे तिचे पाय असतात. ते पाय मला घरात दिसतात — जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, लेकीच्या खोलीच्या दारात. त्या खोलीत आता माझं इस्त्रीचं टेबल आहे. मी कपडे घेऊन जाते, पटकन इस्त्री करते आणि बाहेर येते. दार उघडं ठेवते.

त्यानंतरच्या चिठ्ठ्यांत तिचं नाव निघालं नाही. हॉस्पिटलची नोकरीही तिने सोडली. आता ती तिथल्या विमानतळावर काउंटरला असते, जाणाऱ्यांच्या बॅगांचं वजन करते.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. तिच्या चुलतबहिणीला आणि शाळेतल्या आणखी दोघींना कॅनडात शिकायला यायचं होतं. लोसाने लिहिलं होतं, "मी त्यांना समजावलं. म्हटलं, अप्लाय करू नका, ते आपल्याला घेत नाहीत. आमच्यासाठी तिथल्या एका चांगल्या बाईंनी किती खटपट केली, तरी काही उपयोग झाला नाही. त्यांनी ऐकलं माझं."

मी ते दोनदा वाचलं आणि खाली लाल बदामाचं चिन्ह दाबलं.