मार्ता आणि कुकरची शिट्टी

परवा शुक्रवारी माझ्याच स्वयंपाकघरात मला मान खाली घालावी लागली... सांगतेच.

इकडे आखातात, फिंतासला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मार्ता राहते. मूळची एल साल्वादोरची, वाढली अमेरिकेत, आता इथे शाळेत शिकवते. पन्नाशी ओलांडली, पण उत्साह असा की चाळिशीतली मी तिच्यापुढे म्हातारी!

सुट्टी होती म्हणून ती मला पुपुसा शिकवायला आली. म्हणजे मक्याची भाकरीच, फक्त पोटात चीज आणि राजमा. माझी पाच वर्षांची इरा शेजारी स्टुलावर बसून पिठात हात माखत होती.

आणि मी? पाहुणा कुठल्याही देशाचा असो, ताटात वरणभात हवाच... बोलता बोलता डाळीचा कुकर चढवला. मार्ताकडेही कुकर आहे, पण तो मंद सूं सूं करत राहतो. आपल्यासारखा एकदम किंचाळत नाही, हे मला कुठे ठाऊक!

पहिली शिट्टी झाली आणि मार्ता गायब. इराही. दोघी डायनिंग टेबलाखाली!

मला हसूच फुटलं हो... "अगं, डाळ आहे ती!" म्हणत मी वाकले. मार्ता थरथरत होती. इराला पोटाशी घेऊन तिने खिडकीकडे पाठ केली होती, आणि पोरीचं डोकं लादीवर आपटू नये म्हणून खाली स्वतःचा तळहात धरला होता. इराला साधं खरचटलंही नव्हतं... मार्ताच्या कोपरातून मात्र रक्त येत होतं.

मी गॅस बंद केला, तिला पाणी दिलं. मग ती हळूहळू बोलली. तिच्या देशात युद्ध चालू होतं, ती सात वर्षांची. विमानांचा आवाज आला की आई तिला अशीच खाली घ्यायची. पुढे अमेरिकेत त्यांच्या गल्लीत सगळी तिच्याच देशातली माणसं... तिथेही फटाके वाजले की मोठी माणसं दारं लावून घ्यायची. तिचा भाऊ आजही खिडकीजवळ झोपत नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, राहू दे, डाळ पातेल्यात शिजवते. तर मार्ताने डोळे पुसले आणि उठून ओट्यापाशी आली. "नको. लाव परत. अजून किती शिट्ट्या?"

"दोन."

पहिलीला तिने डोळे घट्ट मिटले, माझं मनगट आवळलं. दुसरीला डोळे उघडे होते. गॅसही तिनेच बंद केला.

ती गेल्यावर इराला विचारलं, घाबरलीस का गं? तर म्हणते, "आंटी वॉज सो स्केअर्ड, मम्मा... पण तिने आधी मला घेतलं."

एवढ्या भीतीतही जिला आधी दुसऱ्याचं लेकरू दिसलं, तिला मी हसले होते. मार्ता, माफ कर गं... आणि तुझ्या डोक्याखाली ज्या माउलीने हात धरला होता, तिलाही माझा नमस्कार.