आत्याच्या तालावरचा क्लब

बास्केटबॉल हा खेळ आत्याला आजतागायत पटलेला नाही. "ज्या टोपलीला बूडच नाही, तिच्यात कितीही टाकलं तरी उरणार काय?" असं ती म्हणते, आणि आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेही नाही. तरी चर्चच्या क्लबाने जे जिंकलं ते तिच्यामुळे जिंकलं, आणि जे गमावलं ते ती नसल्यामुळे. हे दोन्ही तिला सांगून पाहिलं आहे. ती म्हणते, मला इस्त्री करू द्या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिने आयुष्य काढलं. मोठ्या पिंपातून वाफाळत्या चादरी काढायच्या, पिळायच्या, वाळल्या की समोरासमोर उभं राहून दोघींनी घडी घालायची. आजारी माणसं तिला दिसायची नाहीत, फक्त त्यांचे डाग दिसायचे. सोड्याच्या पाण्याने तिच्या बोटांच्या टोकांवर रेषाच उरल्या नव्हत्या. कोरडी, गुळगुळीत, खडूसारखी बोटं. लग्न केलं नाही. "विचारायला आले होते," ती सांगते, "पण बसले आणि उठेचनात. मग मीच उठले."

ती आमच्या वरच्या मागच्या खोलीत राहायची आणि दर गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये ऑर्गनचा सराव करायची. तो ऑर्गन सज्जात होता, छताला टेकलेल्या नळ्यांचा, बसणाऱ्याची पाठ सगळ्या चर्चकडे. माणसांकडे पाठ करून माणसांच्या उपयोगी पडता येतं, असं जगात एकच आसन असेल तर ते हेच, आणि आत्याला ते मिळालं होतं. तिला दुसरं काही नको होतं.

पण मंडळी आटत चालली होती. उपासनेला म्हाताऱ्या बायका, एक बहिरा घड्याळजी आणि पावसापासून आडोसा शोधणारा एखादा वाटसरू. मध्यवर्ती कार्यालयाने कळवलं, की जिथे नियमित माणसं जमत नाहीत ते चर्च बंद होईल आणि तिथला ऑर्गन शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये जाईल. आत्याने हे जेवताना ऐकलं. तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "मग मीही जाते नळ्यांबरोबर. पेटीत भरा."

माझी आई म्हणाली, "वन्सं, जेवा आधी."

पाळकांना उपाय सुचला तो बास्केटबॉलचा. ते स्वतः इतके ठेंगणे, की प्रवचनपीठावर स्टुलावर उभे राहत. पण तरुण मुलं या खेळाला जमतात असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. चर्चच्या सभागृहाचं छप्पर धोक्याचं ठरलेलं, मैदान नाही. तेव्हा बाकांना चाकं लावली, ते भिंतीकडे ढकलले, आणि चर्चमध्येच फरशीवर रेषा मारल्या. रेषा मारल्या माझ्या वडिलांनी; ते फरशी बसवणारे होते, त्यामुळे रेषा सरळ होत्या आणि इतर काहीही सरळ नव्हतं. एक रिंग दारावर बसली, दुसरी वेदीवर. पाहुण्या संघाला वेदीकडे चेंडू मारायचा तर हात आखडायचा. काही जण नेम चुकला की "माफ करा" म्हणायचे, कुणाला ते त्यांनाही कळत नसे.

संघाला सरावाला मिळाली गुरुवारची संध्याकाळ. ती आत्याचीही वेळ. पाळक दबकत जिना चढून वर गेले.

"बाई, तासभर पुढे-मागे झालात तर—"

"गेली वीसेक वर्षं मी कुठे पुढे-मागे झाले?"

"मुलं आवाज करतील हो."

"करू देत. माझा त्यांच्यापेक्षा मोठा आहे."

अशा रीतीने वर ऑर्गन आणि खाली बास्केटबॉल एकाच वेळी सुरू झाले. संघ कसला, हाताला लागेल तो गडी होता. कप्तान खाटीक, रुंद, मवाळ, बोलताना सतत हात पुसणारा. एक नळ दुरुस्त करणारा, एक शाळामास्तर, एक ट्रक चालवणारा, आणि सगळ्यात उंच तो, ज्याला सगळे 'शिडी' म्हणत आणि जो काहीच करत नसे. यातले निम्मे देव मानत नव्हते. पाळक म्हणाले, देव त्यांना मानतो, तेवढं पुरे.

पहिल्या हिवाळ्यात ते बाहेरगावी सपाटून हरले. मग घरच्या सामन्याच्या दिवशीच कळलं, की दुसऱ्या दिवशी एक दफनविधी आहे, आणि आत्या सराव सोडेना. पंचांनी हरकत घेतली. नियमात लिहिलं होतं, प्रेक्षकांनी वाद्यं वाजवू नयेत.

"त्या प्रेक्षक नाहीत," पाळक म्हणाले. "त्यांची पाठ आहे."

पंचांनी वर पाहिलं. पाठ होती. खेळ सुरू झाला.

त्या दिवशी आमचा संघ शोकगीताच्या चालीवर खेळला. चेंडू या हातातून त्या हातात इतका संथ, इतका अटळ फिरत होता, की समोरचे पाच जण धावून धावून दमले. त्यांना चेंडू दिसत होता, सापडत नव्हता. मग एकाएकी आमच्यातला कुणीतरी उडी मारायचा आणि चेंडू जाळीतून खाली. कधी उडी मारणार हे त्यांना कळायचं नाही. आमच्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर घरचे सामने गुरुवारीच, वाजत्या ऑर्गनखाली होऊ लागले, आणि तिथे क्लब हरलाच नाही. पाळकांनी श्रेय प्रार्थनेला दिलं, खाटकाने मटणाच्या सुपाला, आणि शिडीने स्वतःला. चर्च भरू लागलं. जागा मिळायची तर रविवारी उपासनेला यावं लागे, असा नियम पाळकांनी काढला. लोक यायचे, भजन संपलं की टाळ्या वाजवायचे, आणि प्रवचन लांबलं की "टाइम-आउट, टाइम-आउट" असं ओरडायचे. पाळक पंचांसारखी हातांनी खूण करून खरोखरच थांबून पाणी प्यायचे. तिसऱ्या वर्षी विभागाचा चषक आला. तो वेदीवर ठेवला. एका म्हातारीने त्याच्यापुढे गुडघे टेकले, आणि तिला उठवायचं कुणाला सुचलं नाही.

कार्यालयाने बंद करण्याचा विषय सोडून दिला. आत्या त्या काळात जेवताना गुणगुणायची. आईने मला हळूच सांगितलं, "बघ, चेहरा कसा फुललाय. जणू लग्नच ठरलंय."

पण यश हे ओल्या चादरीसारखं असतं, धरलं तितकं जड होत जातं. आता जागा पुरेनात. चर्चच्या समितीचा अध्यक्ष टोप्यांचा दुकानदार होता, आणि टोप्या विकणाऱ्याला जिथे तिथे डोकी दिसतात. त्याला सज्जा दिसला. सगळ्यात उत्तम जागा, तिथून दोन्ही रिंगा दिसतात, आणि ती अडवून बसलंय कोण, तर एक ऑर्गन.

तो आमच्या स्वयंपाकघरात आला, टोपी मांडीवर ठेवून बसला.

"आत्या, संगीत तुमचंच राहील. माझे जावई रेडिओ दुरुस्त करतात. ते तुमचं वाजवणं टेपवर घेतील, कर्णे लावतील. आवाज तोच. फक्त तुम्ही नाही."

"आणि मी कुठे?"

"तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची."

"मला तो खेळ बघवत नाही."

"मग डोळे मिटून बसा. पण खुर्ची तुमची."

वडील म्हणाले, "ताई, चर्च टिकावं म्हणून तूच तर—" आत्या उठली, चहाची कपबशी धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मग म्हणाली, "परत बसवणार का कधी?"

"अर्थातच," अध्यक्ष म्हणाला. हा शब्द लोक न ठरवलेल्या गोष्टींसाठी वापरतात.

जावयाने एका दुपारी सगळी गीतं टेपवर घेतली. ऑर्गन सुटा करून खोक्यांत भरला आणि तळघरात कोळशाशेजारी ठेवला. सज्जात खुर्च्या लागल्या. जावई अभिमानाने सांगत होता, "आत्या मध्येमध्ये अडखळत होत्या. मी सगळं कापून साफ केलंय. आता एका धारेत वाजतं."

आणि तसंच झालं. पहिल्या सामन्याला टेप लागली, आमच्या माणसांनी चेंडू एकमेकांना द्यायला सुरुवात केली, आणि ते देतच राहिले. खाटकाने मास्तराला, मास्तराने शिडीला, शिडीने नळवाल्याला. असं सुंदर देणं कुणी पाहिलं नव्हतं. गाणं थांबत नव्हतं, ते थांबत नव्हते. चेंडू टाकायची वेळ संपली म्हणून पंच शिटी वाजवायचे, चेंडू समोरच्यांना द्यायचे, समोरचे जाऊन जाळीत टाकायचे, आणि आमचे पुन्हा देऊ लागायचे. लोक ओरडले, "अरे, टाका की!" खाटीक कपाळाला आठ्या घालून चेंडूकडे बघत राहिला, सुरी विसरून आलेल्या माणसासारखा. सामना संपला तेव्हा आमच्या नावावर एकही गुण नव्हता.

असे अनेक सामने गेले. सज्जा अर्धा रिकामा झाला. शेवटी खाटीक एक दिवस धुलाईघराच्या मागच्या दाराशी आला.

"आत्या, एक विचारू? तुम्ही मध्येच थांबायचात. का?"

"कधी?"

"गाणं चालू असताना. जरा थांबायचात, मग पुढे."

आत्याने हातातल्या चादरीची घडी पुरी केली. "पान उलटायला," ती म्हणाली. "बोटं कोरडी आहेत माझी. पानं चिकटतात. चाटावं लागतं."

खाटकाने हात पुसले. "आम्ही तेव्हा टाकायचो," तो म्हणाला. "आवाज गेला की हात आपोआप वर जायचा."

"म्हणजे मी बोट चाटलं की तुम्ही जिंकायचात."

"तसंच दिसतंय."

"हे बाहेर कुणाला सांगू नकोस," आत्या म्हणाली. "लाज वाटेल."

त्याने समितीला सांगितलं. जावयाने टेपमध्ये जागा सोडल्या, पण सगळ्या मोजून, सारख्या अंतरावर. त्या जागा पाहुण्या संघांना दोन दिवसांत पाठ झाल्या. शांतता पडली, की पाचही जण हात वर करून आमच्यासमोर भिंतीसारखे उभे. नळवाल्याने क्लब सोडला, मास्तराची बदली झाली. त्यांच्या जागी घेतलेली तरुण मुलं चांगले बूट देणाऱ्या क्लबात गेली. खाटकाचा गुडघा गेला. क्लब एकेक पायरी उतरत सगळ्यात खालच्या गटात पोचला, आणि तिथेही शेवटचा आला. सज्जात एकटा जावई बसायचा, कारण टेप बंद करायला कुणीतरी हवं.

मग पाळकांनीच, कुणाला न विचारता, ऑर्गन वर आणवला. माझ्या वडिलांनी आणि नळवाल्याने तो जोडला. जोडून झाल्यावर एक नळी उरली. ती कुठली हे कुणाला कळेना. आत्याने वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "चालतंय. जिची उणीव भासत नाही ती नसलेलीच बरी." पण तिचा हात त्या नळीवरून निघत नव्हता.

आता ऑर्गन होता आणि चर्च पुन्हा रिकामं होतं. कार्यालयाचा माणूस गुरुवारी संध्याकाळी आला. त्याला दिवसा वेळ नव्हता. आत्या वर वाजवत होती. खाली एका बाकावर खाटीक पाय पसरून बसला होता, शेजारी ट्रकवाला, नळवाला, आणि शिडी, जो आता वाकून सामान्य उंचीचा झाला होता. मास्तरही बदलीच्या गावाहून आला होता, पाकीट विसरलं असं बायकोला सांगून. का येता, हे त्यांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.

"तुम्ही मंडळीतले?" माणसाने विचारलं.

"छे," ट्रकवाला म्हणाला.

"मग उपासनेला आलात?"

"नाही बुवा."

"मग इथे काय करता?"

खाटकाने हात पुसले. "सराव," तो म्हणाला. "आम्ही चर्चचा क्लब आहोत."

"तो क्लब बरखास्त झाला ना?"

"कुणी केला? शेवटचा आला म्हणून बरखास्त होत नसतो. पुढच्या वर्षी आणखी शेवटचा येता येतं."

माणसाने पाळकांकडे पाहिलं. पाळक म्हणाले, की समितीने तसा ठराव केलेला नाही, कारण शरमेने कुणी बैठकीलाच आलं नाही. माणूस चक्रावला. नियम असा होता, की जिथे नियमित माणसं जमतात तिथून ऑर्गन हलवायचा नाही. माणसांनी कशासाठी जमावं हे नियमात नव्हतं. त्याने पुन्हा एकदा त्या पाच जणांकडे, त्यांच्या पोटांकडे, मग वेदीवरच्या रिंगेकडे पाहिलं. "दर गुरुवारी येता?" त्याने विचारलं. सगळे हो म्हणाले, आणि तिथेच अडकले.

चर्च बंद झालं नाही. ऑर्गन राहिला. क्लब अजून आहे. त्याने एकही सामना खेळलेला नाही, त्यामुळे हरलेलाही नाही. पाच जण दर गुरुवारी येतात, एका बाकावर बसतात, कुणी चेंडू आणत नाही. मी आत्याला विचारलं, बरं वाटतं ना, खाली कुणी असलं की?

"बसतात, बसू देत," ती म्हणाली. "पण त्या शिडीला सांग, झोपायचं तर घरी झोप. घोरून चाल बिघडवतो मेला."

मी सांगितलं. तो आता दाराजवळच्या बाकावर झोपतो.