तिळाएवढी रांगोळी

लेकीच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. त्यातले हजारो इवले आरसे हलतात आणि काचेवरच्या रसायनावर प्रकाशाची नक्षी कायमची उमटवतात. सरांना दाखवायची म्हणून तिने तिळाएवढी रांगोळी काढली, आणि आधी माझ्या आईला सूक्ष्मदर्शकातून दाखवली.

"सुरेख आहे गं. पण रांगोळी अशी नुसती ठेवू नये."

मी मात्र हरखलो होतो. माणसाने उजेडालाच रांगोळी घालायला शिकवलं, आणखी काय हवं? तेवढ्यात, जिथे शिंकायलाही बंदी त्या खोलीत, आईने पर्समधून पुडी काढली आणि काचेवर चिमूटभर हळदकुंकू वाहिलं.

लेकीने भिंगाला डोळा लावला. रांगोळी नव्हतीच. नुसते लाल-पिवळे डोंगर.

"आता कशी," आई म्हणाली, "भरल्या घरची वाटते."