हसनचा ठोका

गेल्या महिन्यात नेरळहून फोन आला. हसन गेल्याचं त्याच्या बायकोनं, जैनबभाभींनी, दोन वाक्यांत सांगितलं. पळसदरीच्या घरात मी एकटाच असतो. फोन ठेवल्यावर ही बातमी कोणाला सांगावी ते सुचेना. सोळा वर्षांपूर्वी त्याच्याबद्दल मी एक खोटं बोललो होतो. ते त्याच्या देखत मागे घ्यायचं राहून गेलं.

कुंभिवलीजवळच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही विमानात बसवायच्या इलेक्ट्रॉनिक पेट्या तपासत असू. मी विभागप्रमुख, हसन तंत्रज्ञ. पेटी गोठवायची, तापवायची, हादरवायची आणि दर वेळी आकडे बरोबर येतात का ते पाहायचं. हसन याशिवाय आणखी एक करायचा. लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून, कुणाच्या दारावर हलकेच थाप मारावी तसा पेटीवर ठोकायचा आणि थांबायचा…

एकदा उंची दाखवणाऱ्या पेटीचा पडदा थंडीतून काढल्यावर त्याच्या ठोक्यासरशी क्षणभर विझला.

"साहेब, आत सोल्डरचा टाका सुटलाय. ही नाय पाठवायची."

"ठोकून बघायचं टेस्टमध्ये लिहिलंय का रे?"

"मग वर गेल्यावर हादरे काय लिवून कळवतात?"

पेटी त्याच दिवशी जायची होती. त्याला बाजूला करून मी न ठोकता पुन्हा चाचणी घेतली. पडदा नीट राहिला. मी सही केली. गिऱ्हाइकाकडे थंडी आणि हादरे एकत्र देऊन तपासत. तिथं पडदा विझला आणि पेटी परत आली. मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. माझ्या तोंडून निघालं, "हसन ठोकतो ना, त्यामुळंच टाका सुटला असणार."

हसननं स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि तो बाहेर पडला. दुसऱ्या दिवसापासून तो पॅकिंगला, आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच खोकी बांधत राहिला. चहाला माझ्याशेजारी बसायचा, मुलीच्या लग्नाला त्यानं मला बोलावलं, पण तो विषय कधी काढला नाही. तो बोलला असता तर मी कबूल केलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही.

नेरळला भेटायला गेलो. मीटरखाली खिळ्याला तोच स्क्रू ड्रायव्हर अडकवलेला होता. मी भाभींना सगळं सांगितलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं.

"मिक्सरसुद्धा ठोकून बघायचे. म्हणायचे, ठोकून मोडत नाय गं, मोडलेलं कळतं."

"भाभी, मी…"

"मला नका सांगू. जिथं खोटं बोललात तिथं सांगा."

मालक आता नाहीत, कारखानाही बंद झाला. म्हणून इथं लिहितो. टाका आधीच सुटलेला होता. हसननं तो पकडला होता. सही माझी होती.

हे लिहिताना डोक्यावरची ट्यूब फडफडते आहे. एक टिचकी मारली की नीट लागेल, आतला दोष मात्र तसाच राहील. हात वर जातो… आणि तसाच खाली येतो.