स्वर्गाचं राज्य आणि तंबाखूचं बी

रूथबाईंचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो. मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या शिकवायच्या आणि दुपारी आमच्या छापखान्यात येऊन प्रुफं तपासायच्या. त्या दिवशी त्या मध्ये पडल्या नसत्या, तर मी आज नाशकात नसतो. निपाणीला तंबाखूच्या वखारीत पोती उचलत असतो.

साहेबांच्या टेबलापुढे मी उभा होतो. साहेब म्हणजे मिशनचे पाद्री, छापखान्याचे मालकही तेच. त्यांच्या हातात नुकतं छापलेलं पत्रक होतं. मराठी ते पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे रागातसुद्धा शुद्ध बोलायचे.

"हे वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. "स्वर्गाचे राज्य तंबाखूच्या दाण्यासारखे आहे."

"स्वर्गात तंबाखू कोणी लावला?"

"मी, साहेब."

दाराशी आमचे फोरमन इब्राहीमभाई उभे होते. ते जोरात खोकले आणि पाठ फिरवून खांदे हलवायला लागले.

आता कामाचं थोडं सांगतो, नाहीतर माझा गुन्हा केवढा ते कळणार नाही. कंपोझिटर म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. ओळींचं पान झालं की त्याचा एक छाप काढतात, ते प्रूफ. प्रूफ वाचणारा चुका दाखवतो, आपण दुरुस्त करतो, मग तो सही करतो. सही झाली की पानं लोखंडी चौकटीत आवळतात. त्याला फर्मा म्हणतात. आवळलेल्या फर्म्याला कोणी हात लावायचा नाही. बाकी सगळं माफ असतं. हे नाही.

मी लावला होता.

माझी शाळा चौथीत सुटली. खिळे जुळवायला कोल्हापुरात शिकलो आणि ओळखीच्या चिठ्ठीवर इतक्या लांब आलो. चार महिने उमेदवारी, मग ठेवायचं की नाही ते साहेब ठरवणार. साडेतीन झाले होते. मधे एका नोटिशीत मनमाडच्या गाडीची वेळ चुकलेली मला दिसली. मी कोणाला न विचारता दुरुस्त केली. साहेबांनी पाठ थोपटली. तिथेच घात झाला. मला वाटलं, खोटं दिसलं की आपण सुधारायचं, त्यासाठीच आपल्याला ठेवलंय.

मग हे आठ पानी पत्रक आलं. साहेबांनी स्वतः लिहिलेलं. पहिल्या पानावर ठळक मथळा, देव खोटे बोलू शकत नाही. खाली लिहिलेलं, शास्त्रातला एकही शब्द खोटा निघणार नाही. मी भक्तिभावाने जुळवलं. तिसऱ्या पानावर ख्रिस्ताचा दाखला होता, की मोहरीचा दाणा सगळ्या बियांत लहान, पण त्याचं झाड एवढं वाढतं की पाखरं येऊन राहतात.

माझे हातच थांबले. सगळ्या बियांत लहान मोहरी? आमच्याकडे तंबाखूचं बी राखेत कालवून वाफ्यावर फेकतात, कारण नुसतं चिमटीत धरताच येत नाही. फुंकर मारली तर अर्ध्या शेताची रोपं उडून जातील. त्याच्यापुढे मोहरी म्हणजे कलिंगड!

दोन दिवस मला घास गोड लागला नाही. हे पत्रक बाजारात वाटणार. एखादा शेतकरी पहिलं पान वाचेल, तिसरं वाचेल आणि म्हणेल, धरला की नाही देवाला! बाईंना विचारायचा धीर झाला नाही. चौथी शिकलेल्याने शास्त्रात चूक काढायची? शेवटी फर्मा मशीनवर चढायच्या आधी मी तो सैल केला, मोहरी काढली, तंबाखू बसवला, जागा पुरेना म्हणून दोन शब्दांमधले पातळ तुकडे काढले आणि परत आवळला. तंबाखूच्या झाडावर पाखरं राहत नाहीत हे मला माहीत होतं. पण तेही बदललं असतं तर साहेबांचं काय उरलं असतं?

शेवटच्या पानाकडे माझं लक्षच गेलं नाही. तिथे साहेबांचा दुसरा लेख होता. मथळा, "तंबाखू, सैतानाचे रोप".

पाचशे प्रती निघाल्या.

साहेबांनी रूथबाईंना बोलावलं. "हे प्रूफ तुम्ही पास केले?"

बाईंनी चष्मा लावला, तिसरं पान पाहिलं, मग शेवटचं पाहिलं. ओठ घट्ट मिटले. "मी पास केलं त्यात मोहरी होती. सहीचं प्रूफ माझ्याकडे आहे. हे नंतर बदललंय."

मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

"ऐकलेस?" साहेब माझ्याकडे वळले. "आवळलेल्या फर्म्यास हात लावू नये, हे मी तुला हजार वेळा सांगितले आहे!"

"साहेब," बाई म्हणाल्या, "याला येऊन साडेतीन महिने झालेत. हजार वेळा कधी सांगितलंत?"

"म्हणजे... पुष्कळ वेळा."

"मग हजार खोटं?"

साहेब लाल झाले. "मी खोटे बोलत नाही, रूथबाई!"

"तेच म्हणते मी. आपण खोटं बोलला नाहीत, जोर देऊन बोललात. दाखल्यातली मोहरीही तशीच. पण याला ते कोणी सांगितलं? आपण लिहिलंत एकही शब्द खोटा नाही, यानं ते अक्षरशः धरलं आणि देव उघडा पडू नये म्हणून धावला. इतकी वर्षं आपण पत्रकं काढतो, साहेब. इतक्या मनापासून वाचणारा एक तरी भेटला का?"

साहेबांनी पत्रक टेबलावर पालथं ठेवलं. मग म्हणाले, "पाचशे प्रतींवर मोहरी चिकटव. एकही सुटता कामा नये. नंतर ठरवू."

मोहरीच्या पट्ट्या छापल्या, कापल्या, खळ शिजवली. इब्राहीमभाई येता-जाता विचारत, "काय निपाणीकर, जन्नतमध्ये विडीचा कारखाना कधी काढतोस?" शाळा सुटली की रूथबाई शेजारी येऊन बसायच्या आणि पट्ट्या लावायच्या.

मला राहवेना. "बाई, पण तंबाखूचं बी बारीक आहेच ना?"

"आहेच. तुझी आई जेवायला हाक मारताना काय म्हणायची?"

"म्हणायची, हाका मारून मारून माझा जीव गेला."

"गेला?"

"नाही हो! चांगली ठणठणीत आहे."

"मग आई खोटारडी?"

"असं कसं म्हणता?"

"देवही घरच्यासारखा बोलतो तेव्हा असंच ऐकायचं. आणि खळ कमी लाव, कागद सुरकुततोय."

तरी दोन-चार प्रती निसटल्याच. सिन्नरच्या बाजारात एका म्हाताऱ्याने तसलं पत्रक वाचून घेतलं आणि म्हणाला, "लय बारीक नजर हाय या देवाची. कधी तंबाखू लावला व्हता काय यानं?" साहेबांनी हे जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांना हसत हसत सांगितलं, असं कानावर आलं. त्याच आठवड्यात मी कायम झालो. हुकूम असा की, छापण्याआधी प्रत्येक पत्रक मी शेतकऱ्याच्या नजरेने वाचायचं आणि शंका वेगळ्या कागदावर लिहायच्या. वेगळ्या, हे साहेबांनी तीनदा सांगितलं. मी मोजलं.

धडा एवढाच घेतला, की प्रूफ पास झाल्यावर देवाचीसुद्धा काळजी करायची नाही.

रूथबाईंपाशी त्यांनी स्वतः रचलेल्या ओव्यांची एक वही आहे. कोणी छापत नाही, त्याही कोणाला छापा म्हणत नाहीत. एक दिवस ती वही मी माझ्या हाताने जुळवीन, चांगल्या कागदावर छापीन आणि बांधून त्यांच्या हातात देईन. एका ओवीत त्यांनी गोदावरीला समुद्राहून मोठी म्हटलंय. तशीच ठेवीन.