पावट्याला रात्र लागते

गच्चीवरचा तो दिवा मीच लावून घेतला, हे आधीच सांगून टाकते. बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. बिनपगारी आणि बिनमानाची.

तिसऱ्या मजल्यावरचे कोंडीराम मार्केट यार्डात तेहतीस वर्षं हमाली करून थकले. जन्मभर लोकांची भाजी पाठीवर वाहिली; स्वतःची लावली ती गेल्या वर्षी बायको, राधाबाई, गेल्यावर. टोमॅटोच्या जुन्या क्रेटमध्ये माती भरून वांगी, मुळा, मेथी. आणि यंदा श्रावणात पावटा.

हा पावटा राधाबाईंच्या माहेरचा. तिथल्या शेतांचे आता प्लॉट पडलेत. त्या मात्र दरवर्षी खिडकीत दोन वेल लावून नवं बी धरायच्या आणि राखेत घोळून डब्यात ठेवायच्या. त्या गेल्या त्या वर्षी डबा उघडलाच नाही. यंदा उघडला तर सगळ्याला भुंगा लागलेला. नऊ दाणे धड निघाले. कोंडीरामांनी नऊच्या नऊ लावले, पाच उगवले.

"हे गेलं की संपलं बघा, ताई," ते म्हणाले.

गणपतीत कुणीतरी त्यांची वांगी तोडून नेली. आमच्याकडे सगळे सुशिक्षित लोक राहतात, त्यामुळे चोर सापडला नाही. माझं डोकं फिरलं. मी ठराव मांडला, मंजूर करून घेतला आणि गच्चीवर झगझगीत दिवा लावला. अंधार पडला की आपोआप लागणार, उजाडलं की विझणार. कोंडीरामांनी हात जोडले. मला काय फुशारकी वाटली म्हणून सांगू!

दसरा गेला, दिवाळी गेली. वेल मांडवभर पसरला, पण फुलाचा पत्ता नाही. कोंडीरामांनी ताक घातलं, शेणखत घातलं. मी आपली म्हणत होते, "धीर धरा हो."

एका संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं. पाण्याच्या टाकीमागे, सावलीत, एक फांदी गेली होती. तेवढ्याच फांदीला पांढरी फुलं.

"ताई, पावट्याला रात्र लागते. मोठी रात्र झाली की फुलतो तो. या उजेडात त्याला रात्रच झाली नाही."

आवाजात राग नव्हता. चिडले असते तर बरं झालं असतं.

मी चेअरमन आप्पासाहेबांकडे गेले. "ठराव आपलाच आहे," ते म्हणाले. "बदलायचा तर सर्वसाधारण सभा. मार्चमध्ये." मी दिव्यावर पोतं टाकलं. दुसऱ्या दिवशी ते काढलं गेलं आणि सोसायटीच्या मालमत्तेत ढवळाढवळ केल्याची नोटीस मला आली. सेक्रेटरी म्हणून तिच्यावर सही मलाच करावी लागली.

टाकीमागे चार शेंगा धरल्या. बियाला राखायच्या शेंगेला चिंधी बांधतात. म्हणजे कुणी हात लावायचा नाही, ती वेलावरच वाळू द्यायची. कोंडीरामांनी राधाबाईंच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून चारी शेंगांना बांधला. रोज दोनदा जाऊन बघायचे. मीही जायचे.

परवा सकाळी आम्ही दोघं जिन्यात उभे होतो, तर आप्पासाहेब वरून खाली आले. हातात चार हिरव्या शेंगा, चिंध्यांसकट.

"अहो, दिव्यानं शेंगा धरत नाहीत म्हणता ना? ह्या घ्या! खूण करून ठेवली होतीत, म्हटलं तोडायच्या असतील. चढवत नाही तुम्हाला, म्हणून मीच आणल्या."

कोंडीरामांनी ओंजळ पुढे केली. "बरं, साहेब," म्हणाले.

आप्पासाहेब गेल्यावर त्यांनी एक शेंग सोलली. दाण्यात नख सहज रुतलं. कोवळा, पाण्यासारखा. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, "लावून तर बघू या ना!" त्यांनी चिंध्या सोडवून खिशात घातल्या.

दुपारी दारावर आले, हातात वाटी. चार शेंगांची भाजी ती केवढी, आणि त्यातली अर्धी माझ्यासाठी.

"चव घ्या, ताई. परत मिळायची नाही."